मुलाखतीआधीच्या चाळण्या : बीडची मुलं आणि आयटीतली भरती

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून पहिल्यांदा प्रवासी रेल्वे धावली. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गासाठी जिल्ह्याने किती मोर्चे काढले आणि किती निवडणुकांत तेच आश्वासन ऐकलं याची गणती नाही. गाडी सुरू झाली ती मात्र अहिल्यानगरपर्यंत. त्यामुळे हिंजवडीत सकाळी साडेनऊला मुलाखत असलेला केजचा किंवा पाटोद्याचा मुलगा आदल्या रात्री ट्रॅव्हल्सलाच बसतो. पहाटे पुण्यात उतरायचं, गावाकडच्या कुणाच्या तरी कॉट बेसिसच्या खोलीवर अंघोळ उरकायची, जमलं तर त्याचेच बूट पायात घालायचे आणि फाईल घेऊन कंपनीच्या गेटवर उभं राहायचं.

आयटीतल्या भरतीबद्दल आपल्याकडे जे सल्ले दिले जातात ते जवळपास सगळे या गेटच्या आतले असतात. ताठ बसा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला, स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर काय सांगायचं ते घोकून जा. सल्ले चुकीचे नाहीत. पण बीडसारख्या जिल्ह्यातून निघालेल्या मुलांचा बराचसा निकाल मुलाखतीच्या कितीतरी आधी लागलेला असतो, आणि ऑफर लेटर हातात पडल्यावरही तो फिरू शकतो. हा आढावा म्हणूनच मुलाखतीच्या खोलीपुरता ठेवलेला नाही.

जिल्ह्यात शिकायची सोय नाही असं कुणी म्हणू नये. अंबाजोगाई, बीड, परळी इथे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत; बीड आणि अंबाजोगाईला शासकीय तंत्रनिकेतन आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्याने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केली, तेव्हापासून ‘मुलीला कशाला इंजिनिअरिंग’ हा प्रश्न निदान पैशाच्या आडून तरी विचारता येत नाही. अडतं ते शेवटच्या वर्षाला. मोठी कंपनी कॉलेजात येते ती हिशेब करून येते. चार माणसं पाठवायची, दिवसभर अडकवून ठेवायची, त्या बदल्यात मुलं किती मिळणार? पुण्यातल्या एकाच आवारात एका दिवसात शंभर मिळत असतील तर बीडच्या रस्त्याला कोण लागतंय! मग ‘पूल कॅम्पस’ निघतो. छत्रपती संभाजीनगरच्या किंवा पुण्याच्या एखाद्या कॉलेजात बऱ्याच कॉलेजांची मुलं एकत्र बोलावली जातात. यजमान कॉलेजच्या मुलांना लॅब रोजची, कंपनीची माणसंही तोंडओळखीची. बाहेरून आलेल्यांची सुरुवात पाण्याचा नळ कुठे आहे इथपासून.

टीसीएसने २०१८ मध्ये नॅशनल क्वालिफायर टेस्ट आणली आणि पुढे इतर कंपन्यांनीही ऑनलाइन परीक्षांचा मार्ग धरला, तेव्हा ही कोंडी थोडी फुटली. कॉलेजात कंपनी आली नाही तरी परीक्षा देता येऊ लागली. या बदलाचं श्रेय त्या कंपन्यांना द्यायला हवं. कोविडनंतरच्या तेजीत तर अशी भरती झाली की २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात टीसीएसने सुमारे एक लाख आणि इन्फोसिसने ८५ हजार नवे पदवीधर घेतले. आमच्या खेड्यांत ‘पॅकेज’ हा शब्द आजीच्या तोंडी गेला तो याच सुमारास. दोन वर्षांत पारडं फिरलं. २०२३-२४ अखेर टीसीएसची माणसं १३ हजारांनी, इन्फोसिसची जवळपास २६ हजारांनी आणि विप्रोची २४ हजारांहून अधिक कमी झाली होती. २०२२ ला पास झालेला भाऊ आणि २०२४ ला पास झालेली बहीण यांच्या हुशारीत फरक नसतो. घरातले मात्र तिला विचारतात, त्याला लागली तशी तुला का नाही लागली?

आता चाळण्यांकडे. पहिली चाळणी म्हणजे ‘सिक्स्टी थ्रूआउट’. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, आणि पदवी, सगळीकडे साठ टक्के. शिवाय शिक्षणात दोनेक वर्षांपेक्षा जास्त खंड नको आणि बॅकलॉग फार तर एखादा. हे निकष टीसीएस, विप्रोसारख्या कंपन्यांच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं थोड्याफार फरकाने येतात. लाखांनी अर्ज येत असताना कुठेतरी रेघ मारावी लागते, हे कंपनीचं म्हणणं खरं आहे. पण रेघ नेमकी कुणावरून जाते ते धारूर किंवा वडवणी तालुक्यातून बघावं. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. लेकरू आजीजवळ तरी राहतं, नाहीतर हंगामी वसतिगृहात, नाहीतर आईबापांबरोबर तोडीवरच्या कोपीत. अशा घरातल्या मुलाला दहावीला छप्पन्न टक्के पडले, मग तो तंत्रनिकेतनात गेला, तिथून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला आला आणि फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शनने बाहेर पडला. चढ असा असताना अर्जाच्या संगणकाला त्यात फक्त छप्पन्न दिसतात. पंधराव्या वर्षी मिळालेले गुण बाविसाव्या वर्षीच्या प्रोग्रामरबद्दल फारसं काही सांगत नाहीत. पंधराव्या वर्षी तो कुठे राहत होता एवढं सांगतात. भरतीतली सगळ्यात सहज काढून टाकता येण्याजोगी अट कोणती, असं मला विचारलं तर मी ही सांगेन. पदवीचे गुण बघा, परीक्षा हवी तेवढी कडक घ्या, दहावी सोडून द्या.

दुसरी चाळणी ॲप्टीची, म्हणजे ॲप्टिट्यूडची. ॲमकॅट, ई-लिटमस, कोक्युब्ज अशा खासगी परीक्षांची या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकात लाट आली. ॲमकॅट घेणाऱ्या ॲस्पायरिंग माइंड्स या कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केलं, की चाचणी दिलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपैकी जेमतेम ४.७७ टक्क्यांनाच प्रोग्रामचं तर्कशास्त्र बरोबर लिहिता येतं. देशभर गदारोळ झाला. आकडा विचार करायला लावणारा होता, यात वाद नाही. फक्त तो मांडणाऱ्याचं दुकान परीक्षा विकण्याचं होतं, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं. बीडच्या मुलांची गोची वेगळीच. काळ-काम-वेग आणि शेकडेवारीची गणितं त्यांना येतात, ती शाळेतच घोटलेली असतात. उशीर होतो तो इंग्रजी उतारा वाचून उत्तर देताना. घरून परीक्षा द्यायची असेल तर वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नाही. कॅमेऱ्यासमोर बसून मान वळली की संगणक ‘संशयास्पद हालचाल’ म्हणून नोंद करतो. म्हशीच्या हंबरण्याचा आवाज आला म्हणून मान वळली, हे त्याला कोण सांगणार?

या चाळण्यांतून जो सुटला तो खोलीत पोचतो. खोलीत काय होतं हे जरा जवळून पाहू, कारण इथलं बरंचसं शिकता येण्यासारखं आहे.

टेक्निकल राउंडमधला अतिपरिचित प्रश्न असा : ‘एम्प्लॉयी’ नावाचा टेबल आहे, त्यातला दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढणारी एसक्यूएल क्वेरी लिही. प्रत्येक क्लासमध्ये हा प्रश्न घोटून घेतात. मुलगा झटकन लिहितो : पगार उतरत्या क्रमाने लाव, पहिली ओळ सोड, दुसरी घे. समोरचा विचारतो, पहिल्या दोघांचा पगार सारखाच असला तर? इथे पाठांतर संपतं. दोघांना ऐंशी हजार असतील तर ही क्वेरी पुन्हा ऐंशीच दाखवणार. आधी ‘डिस्टिंक्ट’ लावून सारखे पगार एकदाच घ्यायला हवेत, किंवा ‘डेन्स रँक’ वापरायला हवा. मग तिसरा प्रश्न : टेबलात एकच माणूस असेल तर काय येईल? घेणाऱ्याला एसक्यूएलपेक्षा तुम्ही माहितीवर शंका घेता का हे बघायचं असतं. ‘थांबा सर, याचा विचार केला नव्हता, सारखे पगार असतील तर माझं उत्तर चुकतं’ असं जो म्हणतो तो अनेकदा निवडला जातो. आमच्याकडे शाळेपासून चुकलं म्हणणाऱ्याला छडी मिळते, म्हणून हे वाक्य ओठांवर यायला फार वेळ लागतो.

याहून मोठा घात होतो तो प्रोजेक्टमध्ये. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रेडिमेड मिळतो, हे गुपित राहिलेलं नाही. चार जणांच्या ग्रुपमध्ये एकाने पैसे भरायचे, एकाने रिपोर्ट छापून बाइंडिंग करून आणायचं, आणि चौघांनी ‘ऑनलाइन अटेंडन्स मॅनेजमेंट सिस्टिम’ सादर करायची. मुलाखत घेणाऱ्याने अशा शेकड्याने सिस्टिम पाहिलेल्या असतात. तो एकच विचारतो : लॉगिनचा पासवर्ड डेटाबेसमध्ये कसा ठेवलास? रेडिमेड प्रोजेक्टवाल्याला पासवर्ड ठेवावा लागतो हेच माहीत नसतं. स्वतः केलेला मुलगा कदाचित म्हणेल, तसाच ठेवलाय, हॅश करायला हवा होता. या कबुलीला गुण आहेत.

मला विचाराल तर आष्टी-पाटोद्याच्या मुलाने दूध संकलन केंद्राचा हिशेब करणारी छोटी प्रणाली लिहावी. फॅट आणि एसएनएफ यांवरून दर निघतो, दरपत्रक मध्येच बदलतं, दहा दिवसांचं बिल एकदम करायचं असतं, एका गावात एकाच नावाचे तीन गवळी असतात, मोजमाप चालू असताना वीज जाते. यातल्या प्रत्येक वाक्यात डेटाबेसचा एक खरा प्रश्न दडलेला आहे : जुनी बिलं जुन्याच दराने कशी राहतील, सभासदाची ओळख नावावर ठेवायची की क्रमांकावर, अर्धवट नोंद रद्द कशी करायची. पुण्या-मुंबईत वाढलेल्या मुलाला हा विषय सुचणारही नाही. आपल्या गावची अडचण ही मुलाखतीतली कमाई होऊ शकते, हे कॉलेजात कुणी सांगत नाही. तिथे अजून अटेंडन्सच घेतात.

इंग्रजीबद्दल थोडक्यात. पुण्यातल्या टेक्निकल राउंडला समोरचा पुष्कळदा मराठीच असतो आणि अडलेल्या मुलाला ‘मराठीत सांग’ म्हणणारेही भेटतात. खरी अडचण बोलण्याची परीक्षा यंत्र घेतं तिथे. व्हर्संटसारख्या चाचणीत वाक्य ऐकून तसंच म्हणून दाखवायचं असतं. तिथे मराठीत सांग म्हणणारं कुणी नसतं. यावर रोज अर्धा तास मोठ्याने वाचणं यापलीकडे उपाय मला दिसलेला नाही, आणि तो रात्रीत होत नाही.

एचआर राउंड मात्र वाटतो तितका निरुपद्रवी नाही. ‘टेल मी अबाउट युवर फॅमिली’ हा प्रश्न गप्पांसारखा विचारला जातो. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लिहिलं, की गुणवत्ताच बघतो म्हणणारे अधिकारी उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ आवर्जून विचारतात, आणि तिच्यावरून स्वभाव, संस्कार यांचे आडाखे बांधतात. त्याच नियतकालिकात, त्याच वर्षी, सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी आणखी बोचरा प्रयोग छापला. वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला पुढचं बोलावणं येण्याचं शक्यता-प्रमाण ०.६७ पट आणि मुस्लिम नावाला ०.३३ पट निघालं. हा प्रयोग आयटीपुरता नव्हता आणि त्याला बरीच वर्षं झाली. तरी बीडच्या माणसाला तो जुना वाटत नाही. २०२५ मध्ये बीड जिल्हा पोलीस दलाने गणवेशावरच्या नावाच्या पट्टीतून आडनावच काढून टाकलं, फक्त नाव ठेवलं, जेणेकरून समोरच्याने जातीचा अंदाज बांधू नये. पोलिसांना जे जमलं ते कंपन्यांच्या पहिल्या चाळणीत जमायला काय हरकत आहे? अर्जातून आडनाव, गाव आणि वडिलांचा व्यवसाय झाकणं ही सॉफ्टवेअरवाल्यांसाठी दुपारभराची कामगिरी आहे.

मुलाखतीने माणूस ओळखता येतो का, हा प्रश्न जगभर विचारला गेलाय. मायक्रोसॉफ्टने एकेकाळी कोड्यांच्या मुलाखतींची फॅशन आणली. गुगलही त्यात मागे नव्हतं. २०१३ मध्ये गुगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी जाहीरपणे मान्य केलं, की अशी कोडी घालणं वेळेचा अपव्यय आहे. त्यातून घेणाऱ्याला आपण हुशार असल्याचा आनंद मिळतो, बाकी काही नाही. श्मिट आणि हंटर यांच्या १९९८ च्या मोठ्या आढाव्यात आणि सॅकेट व सहकाऱ्यांच्या २०२२ च्या फेरतपासणीत मोकळ्या गप्पांपेक्षा आखीव मुलाखत सरस ठरली. आखीव म्हणजे प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि गुण देण्याची आधीच ठरवलेली पट्टी. सॅकेट यांच्या यादीत तर ती सगळ्यांत वर आली. फायदा कुणाचा? ज्याची समोरच्याशी शाळा, क्रिकेट क्लब, सोसायटी जुळत नाही त्याचा. गप्पा रंगल्या की बीडच्या मुलाचा तोटा होतो. तीच यादी सगळ्यांना विचारली तर त्याला निदान सारख्याच पट्टीने मोजलं जातं. यंत्राकडे भरती सोपवली की पक्षपात जाईल ही आशाही फोल ठरली आहे. ॲमेझॉनने अर्ज वाचणारी एक प्रणाली बनवली होती; जुन्या, पुरुषबहुल भरतीवरून शिकल्यामुळे ती बायकांच्या अर्जांना कमी गुण देत होती. २०१८ मध्ये ही हकिकत बाहेर आली तोवर कंपनीने ती गुंडाळलेली होती.

आता पुण्याकडे. कॅम्पस हुकलेल्यांचा लोंढा पुण्यात येतो आणि त्याच्या वाटा फुटतात. काही जण स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत शिरतात. तो वेगळा विषय. काही सी-डॅकची सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देतात. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या या सरकारी संस्थेचा ‘डॅक’, म्हणजे प्रगत संगणनाचा सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम, हा महाराष्ट्रातल्या मधल्या फळीतल्या इंजिनिअरांचा खराखुरा दुसरा दरवाजा आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत पिळून काढतात, आणि शेवटी कंपन्या तिथे येतात. फी जीएसटी धरून लाखाच्या वर. राहणं-खाणं वेगळं. वावर गहाण पडतं ते बहुधा याच वळणावर. तरी ज्यांना क्रमांक चांगला मिळतो त्यांना मी हाच मार्ग सांगतो.

काही जण खासगी क्लास लावतात : जावा, टेस्टिंग, आता डेटा आणि एआय. त्यातले काही चांगले आहेत. पण ‘हंड्रेड परसेंट प्लेसमेंट’च्या पाटीखाली ज्या गोष्टी चालतात त्यात सगळ्यात घातक ती ‘फेक’. दोन-तीन वर्षांचा अनुभव लावून देतो, पगाराच्या स्लिपा देतो, व्हेरिफिकेशनचा फोन आमचाच माणूस उचलेल, असा तो सौदा असतो. फ्रेशरला कुणी घेत नाही आणि अनुभवी माणसाला जागा आहेत, या विसंगतीवर हा धंदा उभा आहे. मुलं त्यात पडतात ती लबाडीपेक्षा घरच्या फोनला कंटाळून. मात्र भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात कुठल्या कंपनीने कधीपासून पैसे भरले ते छापलेलं असतं, आयकराच्या नोंदी असतात, आणि पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्था ते बघतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲक्सेंचरने खोटी अनुभवपत्रं देणाऱ्या भारतातल्या कर्मचाऱ्यांना काढलं. एकदा असा शिक्का बसला की चांगल्या कंपन्यांची दारं बराच काळ बंद. अर्थात खोटेपणा खालच्याच बाजूला असतो असं नाही. २०२३ मध्ये मनुष्यबळ पुरवठादारांकडून लाभ घेतल्याच्या चौकशीनंतर खुद्द टीसीएसने आपल्या १६ जणांना बाहेरचा रस्ता दाखवला.

ओळख हाही एक मार्ग आहे आणि तो गैर नाही. रेफरलने गेलेला अर्ज निदान कुणीतरी उघडतो. पुण्यात शिकणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलांसाठी १९६७ मध्ये मराठवाडा मित्र मंडळ उभं राहिलं. आज तेच काम गावोगावचे व्हॉट्सॲप ग्रुप करतात. ‘आपला माणूस’ आत असला की कधी जागा निघणार ते कळतं. ज्या गावातून आधी कुणी गेलेलंच नाही, तिथल्या पहिल्या पोराचं काय, याचं उत्तर या वाटेवर मिळत नाही.

ऑफर आली म्हणजे संपलं, असं मानायचे दिवस गेले. सुरुवातीचा पगार सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्यांत साडेतीन लाखांच्या आगेमागेच गेली कित्येक वर्षं घुटमळतोय. ३.३६ लाखांच्या सीटीसीत पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा, बदलता भाग वजा जाऊन हातात साधारण बावीस-चोवीस हजार पडतात. गावात ‘साडेतीन लाखांची नोकरी’ म्हणून पेढे वाटले जातात आणि मुलगा वाकडला तीन जणांत एक खोली घेऊन राहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या काही नव्या मुलांना साडेतीन लाखांवर येता का असं विचारलं होतं. इन्फोसिसने २०२२ च्या तुकडीतल्या सुमारे दोन हजार जणांचं जॉइनिंग दोन वर्षांच्या आसपास लांबवल्याची तक्रार ‘नाइट्स’ या पुण्यातल्या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे नेली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थी काढले गेले, त्यांत असे वाट पाहून थकलेलेही होते. प्रत्येकाला अंतर्गत परीक्षेच्या तीन संधी दिल्या होत्या आणि हा नियम करारातच होता, असं कंपनीचं म्हणणं. काढलेल्यांचा आकडा याहून मोठा आहे, असं संघटनेचं. मुलग्याला दोन वर्षांची ही वाट परवडत नाही, पण तो ती कशीबशी काढतो. मुलीच्या बाबतीत तेवढ्यात स्थळं यायला लागतात, आणि ऑफर लेटर हे बायोडेटातलं एक वाक्य होऊन बसतं.

बॉण्ड हा आणखी एक कागद. बीडच्या घराला तो समजावून सांगावा लागत नाही : ऊसतोडीला मुकादमाची उचल घेतली की हंगाम पुरा केल्याशिवाय सुटका नाही, हे तिथे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. फरक इतकाच, की तिथे उचल आधी हातात मिळते. इथे काही फुटकळ कंपन्या प्रशिक्षणाच्या नावाने उलट मुलाकडूनच पैसे घेतात आणि वर दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घेतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेचं होतं, जाहिरात देऊन झालेल्या भरतीचं होतं. त्यावरून कुठल्याही कंपनीने कितीही रक्कम लिहून घ्यावी असा अर्थ निघत नाही. पण बॉण्ड म्हणजे नुसता धाकाचा कागद, सहीला काय होतंय, असंही आता म्हणता येणार नाही. रक्कम वाजवी आहे का, प्रशिक्षण खरंच मिळणार आहे का, हे वाचूनच सही करावी. मूळ गुणपत्रिका ठेवून घेतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांनी नियुक्तिपत्र देणं बंधनकारक केलं आहे, तेव्हा ‘लेटर नंतर देऊ’ हे चालवून घेण्याचं कारण उरलेलं नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या एका वॉक-इनच्या रांगेचा व्हिडिओ फिरला. तीन हजारांच्या आसपास तरुण जमल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. त्याच वर्षी जुलैमध्ये टीसीएसने जगभरातली सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के, माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. नव्या पोरांना शिकता शिकता जी कामं दिली जायची, छोट्या दुरुस्त्या, चाचण्या लिहिणं, तीच एआय आधी उचलतोय. दुसरीकडे ऑनलाइन मुलाखतीत उमेदवारच एआयकडून उत्तरं घेऊ लागले म्हणून गुगलने निदान एक फेरी समोरासमोर घ्यायला पुन्हा सुरुवात केली. ही रीत पसरली तर प्रामाणिक मुलाचा फायदाच आहे. फक्त घरून मुलाखत देण्याची सवलत जाईल आणि रात्रीची ट्रॅव्हल्स पुन्हा गळ्यात पडेल.

भरतीचा दरवाजाच टाळून गेलेला एक माणूस याच जिल्ह्यातला आहे. आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत आयटीआय करून पुण्यात आले आणि इन्फोसिसच्या अतिथिगृहात खोल्यांच्या कामाला लागले. आत बसून काम करणारी माणसं काय शिकलीत हे बघून त्यांनी ॲनिमेशन आणि डिझाइन शिकून घेतलं, पुढे ‘डूग्राफिक्स’ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर काढलं, आणि कोविडमध्ये गावाकडे परतून माळावरून काम चालवलं. ‘शार्क टँक इंडिया’त त्यांना अमन गुप्ता यांची एक कोटीची गुंतवणूक मिळाली. गोष्ट खरी आहे आणि जिल्ह्यात अभिमानाने सांगितली जाते. ती सांगून ‘बघा, इच्छा असली की होतं’ असं मुलांना ऐकवणाऱ्यांचा मात्र मला राग येतो. ज्या आवारात ते खोल्या आवरत होते तिथल्या भरतीच्या कुठल्याच चाळणीतून त्यांचा अर्ज पुढे सरकला नसता, हीही त्याच गोष्टीतली बाजू आहे.

कंपन्यांचे निकष बीडमधून बदलणार नाहीत. एक गोष्ट मात्र जिल्ह्यातच होण्यासारखी आहे. जून-जुलैत बीडच्या बसस्थानकापासून अंबाजोगाईपर्यंत कॉलेजांचे फ्लेक्स लागतात. पासपोर्ट फोटो, खाली कंपनीचं नाव, त्याखाली पॅकेज. त्यातली किती मुलं प्रत्यक्ष रुजू झाली, किती अजून जॉइनिंगची वाट बघतायत आणि एका मुलाचा फोटो चार ऑफरसाठी चार वेळा आलाय का, हे फ्लेक्सवरून कळत नाही. राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, उतरणाऱ्या संस्थांना किती विद्यार्थी पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, ही माहिती संकेतस्थळावर टाकावी लागते. जी कॉलेजं त्या क्रमवारीत उतरतच नाहीत त्यांनीही हे तीन आकडे आणि रुजू झालेल्यांचा चौथा आकडा एका कागदावर लिहून द्यावा. प्रवेशाची पावती फाडण्याआधी बापाने तो मागितला तर प्राचार्यांना राग येईल, येऊ द्यावा.